मरून म्हणजे नेमका कोणता? एका विद्यापीठाच्या रंगसंगतीचे प्रकरण

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातले एक राज्य विद्यापीठ. स्थापनेला काही दशके झालेली, शंभरावर संलग्न महाविद्यालये, मुख्य परिसरात पन्नासच्या आसपास विभाग. नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. बोधचिन्ह दोन रंगांचे: गडद तांबडा आणि हळदी पिवळा. मूळ चित्र हाताने काढलेले होते, ते केव्हाच गहाळ झाले. उरला होता एक जुना भरतकाम केलेला ध्वज, काही जुनी लेटरहेड आणि विभागाविभागांतून व्हॉट्सॲपवर फिरून फिरून फाटलेली एक जेपीजी.

रंग ठरलेला आहे, असे सगळ्यांनाच वाटत होते. पण कुणी त्याला मरून म्हणे, कुणी किरमिजी, कुणी डाळिंबी. परीक्षा विभागातले जुने कर्मचारी तर त्याला सरळ ‘कुंकवाचा रंग’ म्हणत. मनातल्या रंगाला नाव होते, मोजमाप नव्हते.

समस्या

दीक्षान्त समारंभाच्या दिवशी व्यासपीठावरचा मागचा फ्लेक्स जांभळट मरून होता, मान्यवरांच्या खांद्यावरची उपरणी चॉकलेटी, पदवीच्या फोल्डरचे कव्हर टोमॅटोसारखे लाल आणि पोडियमवरच्या बोधचिन्हाचा रंग आणखी निराळा. चारही वस्तू एकाच छायाचित्रात आल्या आणि ते छायाचित्र दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आले. नॅकची, म्हणजे विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, भेट जवळ आलेली होती, म्हणून कुलसचिव कार्यालयाने एक छोटी समिती नेमली: जनसंपर्क, संगणक केंद्र, विद्यापीठाचा छापखाना, उपयोजित कलेचे एक प्राध्यापक आणि बाहेरचा एक डिझायनर. खरेदी विभागाचे कुणी त्यात नव्हते. ही चूक पुढे महागात पडली.

समितीने पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाचा रंग वापरणाऱ्या वस्तू गोळा केल्या: लेटरहेड, लिफाफे, ओळखपत्रे, फोल्डर, उपरणी, खेळाडूंचे टी-शर्ट, युवा महोत्सवाचे बॅनर, डायरी, विभागांच्या पाट्या. सगळे सकाळी अकराच्या सुमारास उत्तरेकडच्या खिडकीपाशी एका टेबलावर मांडले. थेट ऊन नको आणि ट्यूबलाइटही नको, म्हणून ती जागा. एकसारख्या म्हणता येतील अशा दोन वस्तूही त्या टेबलावर सापडल्या नाहीत.

कारणे एकाच जातीची नव्हती, आणि ती सुटी सुटी समजून घेतल्याशिवाय उपाय सापडला नसता.

पहिले कारण फाइलचे. गावोगावच्या फ्लेक्सवाल्यांकडे विद्यापीठाच्या बोधचिन्हाची आपापली कोरलड्रॉ फाइल असते. ती जेपीजीवरून ट्रेस केलेली आणि रंग आयड्रॉपरने, म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याचा रंग टिपणाऱ्या साधनाने, उचललेला. व्हॉट्सॲपने दाबलेल्या जेपीजीत कडेचे पिक्सेल मिसळलेले असतात. दोन मिलिमीटर इकडेतिकडे टोचले तर वेगळा रंग हाती लागतो. शिवाय तोच आरजीबी (पडद्यावरचा लाल-हिरवा-निळा) रंग सीएमवायकेत (छपाईच्या सायन म्हणजे आकाशी, मजेंटा म्हणजे गुलाबी, पिवळा आणि काळा या चार शायांत) बदलताना प्रोफाइलप्रमाणे, म्हणजे रूपांतराच्या ठरलेल्या तक्त्याप्रमाणे, शाईचे आकडे बदलतात. एका दुकानात सॉफ्टवेअरचे एक डिफॉल्ट, दुसऱ्यात दुसरे.

दुसरे कारण शाईचे. मरून हा चार शायांच्या मिश्रणात फार अवघड रंग. मजेंटा जवळजवळ पूर्ण, त्यावर भरपूर पिवळा, वर काळ्याचा थर. मशीनवर पिवळा थोडा कमी पडला की रंग जांभळट होतो, जास्त झाला की विटकरीकडे जातो, काळा वाढला की लांबून काळाच दिसतो. निळ्या रंगात एवढा फरक डोळा माफ करतो, तांबड्यात करत नाही. फ्लेक्सचे दुखणे वेगळेच: उन्हात मजेंटा आणि पिवळा आधी उडतात, सायन आणि काळा मागे राहतात. प्रवेशद्वारावरचा बॅनर लावला तेव्हा बरोबर असला तरी काही महिन्यांत निळसर राखी होतो.

तिसरे कारण पृष्ठभागाचे. बॉण्ड पेपर शाई पितो आणि रंग मंद पडतो. आर्ट कार्डावर तीच शाई वरच राहते आणि खोल दिसते. त्यावर ग्लॉस लॅमिनेशन चढवले तर आणखी गडद, मॅट चढवले तर गडद भागावर राखेची झाक.

चौथे कारण कागदोपत्री होते, आणि खरे मूळ तिथेच होते. उपरण्यांच्या निविदेत रंगाबद्दल एकच ओळ होती: ‘मरून रंगाची, बोधचिन्हासह’. पुरवठादाराने मरून उपरणी दिली. त्याचे काहीच चुकले नव्हते.

संकेतस्थळाची तक्रार यापेक्षा वेगळी. तिथे पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत दुवे होते आणि पिवळ्या बटणांवर पांढरी अक्षरे. दोन्हींत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचे गुणोत्तर जेमतेम २:१. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ लागते. निकालाच्या दिवशी अंगणात उभे राहून मोबाइल बघणाऱ्या मुलाला तो दुवा दिसत नव्हता, यात नवल नाही.

पर्याय

पहिला पर्याय होता बोधचिन्हच नव्याने करून घेण्याचा. एका संस्थेने तसा प्रस्तावही दिला होता. तो लवकर बाजूला पडला आणि ते योग्यच झाले. बोधचिन्ह पदवी प्रमाणपत्रांवर, मुद्रेवर, हजारो माजी विद्यार्थ्यांच्या भिंतींवर आहे. ते बदलायचे तर अधिकार मंडळांची मंजुरी लागेल आणि पुढची कित्येक वर्षे दोन्ही चिन्हे सोबत वावरतील. मुळात चिन्हात दोष नव्हताच.

दुसरा पर्याय: स्वच्छ फाइली आणि एक नियमपुस्तिका संकेतस्थळावर टाकून मोकळे होणे. खर्च नगण्य. पण फाइल बरोबर असूनही उपरणे चॉकलेटी येऊ शकते, कारण उपरणे फाइलवरून रंगत नाही.

तिसरा: सगळी छपाई केंद्रातून. शंभर महाविद्यालयांचे बॅनर मुख्यालयातून छापून पाठवणे व्यवहारात बसत नाही. कार्यक्रम उद्या आणि फ्लेक्स आज रात्री, अशी तिथली रीत.

चौथा, जो निवडला गेला: चिन्ह तेच ठेवायचे, रंग माध्यमागणिक मोजून ठरवायचे, प्रत्येकाचा प्रत्यक्ष नमुना सीलबंद करायचा आणि तो नमुना खरेदीच्या अटींत घालायचा.

निर्णयाची पहिली जागा: खरा रंग कोणता?

ध्वज खरा मानावा, असा भावनिक आग्रह होता आणि तो समजण्यासारखा होता. पण ध्वजाचे कापड उजेडाने विटलेले, आणि बाहेरच्या बाजूपेक्षा शिवणीच्या आतले सूत कितीतरी गडद. मग ‘मूळ’ कुठले धरायचे? जुन्या लेटरहेडचा कागदच पिवळा पडलेला, त्यामुळे शाईही वेगळी भासत होती.

समितीने प्रश्न उलटा केला. मूळ शोधण्याऐवजी, सगळ्यात अडणाऱ्या माध्यमात कोणता रंग टिकतो ते पाहायचे. तीन उमेदवार घेतले: एक आमसुलाकडे झुकणारा गडद, एक मधला, एक डाळिंबी. तिन्ही आर्ट कार्ड, बॉण्ड, फ्लेक्स, पीव्हीसी ओळखपत्र आणि टेरिकॉट कापड यांवर करून पाहिले. गडद रंग फ्लेक्सवर तीस फुटांवरून काळा दिसला. डाळिंबी कापडावर इतका उजळ आला की उपरण्याचा भारदस्तपणा गेला. मधला पाचही ठिकाणी ओळखू आला.

तो पॅन्टोन या क्रमांकवार रंगपुस्तिकेतल्या १८८ च्या जवळ बसला, पिवळा १३० च्या. पडद्यासाठी मरून आरजीबी ११८-३५-४७, हळदी २४२-१६९-०. ऑफसेटसाठी आर्ट पेपरवर सायन १५, मजेंटा १००, पिवळा ६५, काळा ५५, म्हणजे एकूण शाई २३५ टक्के. ती ३०० च्या खाली असल्याने मागच्या पानावर डाग उठत नाहीत आणि सुकायलाही वेळ लागत नाही. बॉण्ड पेपरवर हळदी रंग नारिंगीकडे गेला, म्हणून तिथे कोटेड (गुळगुळीत कागदाच्या, सी) पुस्तिकेतला क्रमांक तसाच न नेता अनकोटेड (साध्या कागदाच्या, यू) पुस्तिकेतून डोळ्यांनी जुळणारा दुसरा क्रमांक घेतला. बरेच जण इथे फसतात: पॅन्टोनचा एकच क्रमांक सी आणि यू या दोन पुस्तिकांत दोन वेगळे रंग असल्यासारखा दिसू शकतो.

पॅन्टोन क्रमांकासोबत प्रत्येक रंगाची लॅब मूल्येही, म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचे यंत्राने मोजलेले तीन आकडे, नोंदवली. २०२२ च्या अखेरीस अडोबीच्या सॉफ्टवेअरमधून पॅन्टोनच्या बहुतेक रंगसूची काढल्या गेल्या, तेव्हा अनेकांच्या जुन्या फाइलींत त्या रंगांच्या जागी काळे उमटले होते. लॅब मूल्य कुणाच्या परवान्यावर अवलंबून नसते.

दुसरी जागा: किती रंग?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ नुसार विद्याशाखा चार आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चारही शाखांनी आपापला रंग मागितला. मग विभागांनीही मागितला. विभागांना नाही म्हटले, शाखांना हो. मात्र शाखेचा रंग फक्त पट्टीत किंवा कडेला, एकूण क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही. बोधचिन्ह कधीच शाखेच्या रंगात छापायचे नाही.

शाखांचे रंग निवडताना दोन कसोट्या लावल्या. भगवा, निळा, हिरवा या रंगांना आपल्याकडे झेंड्यांचे अर्थ आहेत. विद्यार्थी निवडणुकांच्या वातावरणात एखाद्या शाखेला त्यातला एक देणे म्हणजे नको ते वाद ओढवून घेणे. म्हणून मिश्र छटा घेतल्या: मोरपंखी, वांगी, शेवाळी आणि विटकरी. दुसरी कसोटी झेरॉक्सची. विद्यापीठातली निम्मी परिपत्रके शेवटी झेरॉक्स होऊनच फिरतात. चारही पट्ट्या काळ्यापांढऱ्या प्रतीत वेगळ्या दिसतात का, ते पाहिले. वांगी आणि मोरपंखी एकसारखे राखी आले, तेव्हा मोरपंखी उजळ केला.

विटकरी मात्र चुकला. कागदावर बरा दिसला, पण मरूनच्या शेजारी लागला की ‘छपाई बिघडलेला मरून’ वाटे. एका शाखेची माहितीपुस्तिका छापून आल्यावर ते लक्षात आले. त्या जागी निळसर पोलादी राखाडी घेतला. रंगवर्तुळावर मुख्य रंगाच्या अलीकडे-पलीकडे तीस-चाळीस अंशांच्या आत दुय्यम रंग ठेवूच नये, हे आधीच ठरवता आले असते.

तिसरी जागा: पडदा

इथे आकडे स्पष्ट होते. मरूनवर पांढरा मजकूर १०.२:१, हळदीवर मरून ५.१:१, दोन्ही चालतात. हळदीवर पांढरा २:१, चालत नाही. तो पूर्ण बंद. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ पाहता हा सौंदर्याचा प्रश्न राहत नाही.

एक सापळा चाचणीत सापडला. ज्यांना तांबडा रंग नीट दिसत नाही त्यांना मरून जवळजवळ काळा दिसतो. काळ्या मजकुरातला मरून दुवा त्यांच्यासाठी अदृश्यच. म्हणून सर्व दुव्यांना अधोरेषा परत आणली. ती ‘जुनाट दिसते’ म्हणून मागच्या नूतनीकरणात काढली होती. प्रवेश अर्जातही अडचण होती: चुकीचा संदेश लाल आणि शीर्षके मरून, त्यामुळे विद्यार्थ्याला आपले काय चुकले ते कळेना. संदेशाला चिन्ह जोडले, ‘चूक:’ हा शब्द जोडला आणि चौकटीला जाड कड दिली. सर्व रंग संकेतस्थळाची मांडणी ठरवणाऱ्या एकाच सीएसएस फाइलीत चलांच्या रूपात ठेवले, म्हणजे पुढे बदल करायचा तर एकाच जागी.

केलेली कामे

फाइलींचे चार संच केले: छपाईसाठी सीएमवायके पीडीएफ, स्पॉट रंगाची (मिश्रणाऐवजी आधीच तयार केलेल्या एकाच शाईची) पीडीएफ, पडद्यासाठी एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी फाइल) आणि एकरंगी काळी. जुनी जेपीजी संकेतस्थळावरून काढून टाकली.

लेटरहेड चाररंगी छापण्याऐवजी दोन शायांत, म्हणजे स्पॉट मरून आणि काळा, छापायचे ठरले. विद्यापीठाच्या छापखान्यातल्या दोनरंगी मशीनवर ते स्वस्तही पडते. याचे दुसरे कारण देवनागरीचे आहे. चार शायांच्या मरून पट्टीत आठ पॉइंटचा पांढरा मजकूर उलटा काढला की एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकते आणि आधी भरतो तो अनुस्वार, मग रफार, मग उकाराच्या गाठीतली पोकळी. ‘कुलसचिव’चा उकार बुजलेले एक लेटरहेड समितीच्या टेबलावर होतेच. नियम असा केला: चाररंगी पट्टीत दहा पॉइंटखाली पांढरी अक्षरे नाहीत, आणि दहाच्या वरही बारीक वजनाचा फॉण्ट नाही.

फ्लेक्सवाल्यांसाठी ४२ पानांची पुस्तिका पाठवली होती. ती कुणी उघडली नाही. मग एक ए-फोर पान केले आणि सोबत बारा चौकोनांची रंगपट्टी. पाच सेंटिमीटरचे चौकोन, मजेंटा ८५, ९०, ९५, १०० आणि प्रत्येकासोबत काळा ४०, ५०, ६०. सायन व पिवळा कायम. दुकानदाराने ती आपल्या मशीनवर, रोज वापरतो त्याच पास (छपाईच्या फेऱ्या) आणि मीडियावर (छापायच्या साहित्यावर) छापायची, विद्यापीठाने दिलेला नमुना बाहेर उजेडात शेजारी धरायचा, सगळ्यात जवळचा चौकोन निवडायचा आणि त्याचे आकडे भिंतीवर लिहून ठेवायचे. मशीनला प्रोफाइल नसले तरी हा मार्ग चालतो. मशीनचे शाई फवारणारे हेड बदलले किंवा शाईची कंपनी बदलली की पट्टी पुन्हा छापायची.

नमुन्यांचे पाच संच बनवले. प्रत्येकात १० बाय १५ सेंटिमीटरचे पाच तुकडे: आर्ट कार्ड, बॉण्ड, फ्लेक्स, पीव्हीसी, कापड. मागे तारीख, कुलसचिव आणि खरेदी विभागाची सही, काळ्या कागदाच्या पाकिटात बंद.

मग निविदेतली ओळ बदलली. नवी अट साधारण अशी: ‘मालाचा रंग कार्यालयातील मंजूर नमुन्याशी जुळला पाहिजे. पूर्ण उत्पादनापूर्वी नमुना सादर करणे बंधनकारक. डी-५० प्रकाशात मोजलेला रंगभेद डेल्टा-ई २००० मापाने छपाईत ३ पेक्षा व कापडात ५ पेक्षा अधिक असल्यास माल नाकारला जाईल. मोजणी विद्यापीठाच्या छापखान्यात होईल.’ डी-५० म्हणजे छपाईत प्रमाण मानलेला दिवसाचा उजेड, आणि डेल्टा-ई म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा. छापखान्याकडे रंग मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर होता, म्हणून हे जमले. तो नसेल तर अट डोळ्यांच्या पारखीवर येते आणि मग वाद होतो.

जुना साठा फेकला नाही. लिफाफे, फोल्डर संपेपर्यंत वापरायचे ठरले. नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप आला असता, आणि रास्त असता.

निष्पत्ती

लेटरहेड, ओळखपत्रे आणि संकेतस्थळ एका सत्रात मार्गी लागले. उपरण्यांनी सगळ्यांना धावपळ करायला लावली. पहिला नमुना नाकारला. दुसरा दुकानात तंतोतंत जुळला, आणि परिसरात आणून व्हरांड्यात धरल्यावर चॉकलेटी झाला. दोन वेगळ्या रंगद्रव्यांची मिश्रणे एका दिव्याखाली सारखी आणि दुसऱ्याखाली वेगळी दिसतात. दुकानात एलईडी, व्हरांड्यात दिवस. पुरवठादाराचे म्हणणे होते की नमुना जुळला आहे, आणि त्याच्या दुकानात तो खरेच जुळत होता. अटीत डी-५० लिहिलेले नसते तर विद्यापीठ तिथे हरले असते. तिसऱ्या नमुन्यात रंगाईची कृती बदलली आणि तो मंजूर झाला, पण माल समारंभाच्या जेमतेम आठवडाभर आधी हातात आला.

त्या वर्षीच्या छायाचित्रात फ्लेक्स, उपरणी आणि फोल्डर एका घरचे वाटतात. पोडियम राहून गेला. त्याचे व्हिनाइल कुणाच्याच यादीत नव्हते.

महाविद्यालयांत सुधारणा विषम आहे. तालुक्याच्या ज्या दुकानदारांना समोर बसवून पट्टी छापून दाखवली त्यांचे बॅनर जुळतात. ज्यांना ईमेल गेला त्यांचे जुळत नाहीत. प्रवेशद्वारांचा ऑइल पेंट अजून बाकी आहे. जुना लाल घासून काढून प्रायमर मारल्याशिवाय नवा मरून त्यावर टाकला तर खालचा रंग वर झिरपतो, आणि तेवढ्या कामाची तरतूद त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात नव्हती.

वेगळे काय करता आले असते

खरेदी विभाग पहिल्या बैठकीलाच हवा होता. तो पाचव्या बैठकीला आला, तोवर डायरी आणि फोल्डरचे दरकरार जुन्याच शब्दांत वर्षभरासाठी झाले होते. रंगाची मूल्ये ठरवायला लागलेला वेळ निम्म्यावर आणून निविदेच्या मसुद्याला दुप्पट दिला असता तर एक पूर्ण वर्ष वाचले असते.

परीक्षा विभागालाही आधी विचारायला हवे होते. गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रांच्या पार्श्वभूमीचे रंग सुरक्षा छपाईचा भाग असतात आणि ते मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. समितीने त्यांनाही नव्या रंगसंगतीत ओढायचा मसुदा केला. तो परत घ्यावा लागला आणि त्या विभागाचा विश्वास परत मिळवायला वेळ गेला.

पुस्तिकेच्या आधी दुकानदारांची बैठक व्हायला हवी होती. एका दुपारी दहा दुकानदार आले आणि त्यांनी जे सांगितले त्यावरूनच बारा चौकोनांची पट्टी सुचली. मजेंटाच्या पायऱ्या किती अंतराने असाव्यात, हेही त्यांनीच दुरुस्त केले.

नमुन्यांच्या पाकिटांवर बदलण्याची तारीख सुरुवातीला नव्हती. एक संच जनसंपर्क कक्षात उघड्यावर, खिडकीपाशी राहिला. त्यातला फ्लेक्सचा तुकडा कपाटातल्या तुकड्याशेजारी धरला तेव्हा दोन्हींतला फरक मोजायला यंत्राची गरज उरली नव्हती. आता पाचही पाकिटांवर दोन वर्षांनंतरची तारीख आहे, आणि कपाटाची किल्ली खरेदी विभागाकडे आहे.